सहावं की सातवं

हिमोग्लोबिन मी पहिल्यांदा पाहिलं ते तक्त्यावर. १९८०च्या दशकात नागपूरला बी.एस्सी. करत होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिळ्याला एक तक्ता टांगलेला असायचा. त्यावर चार रंगांच्या चार गुंडाळ्या आणि प्रत्येकीच्या पोटात एक लाल चकती. तो बघून आम्ही जर्नलमध्ये आकृती काढायचो, रंगीत पेन्सिलींनी भरायचो आणि सरांची सही घ्यायचो. दोन अल्फा साखळ्या, दोन बीटा, चार हीम. बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल ग्लुटामिक अ‍ॅसिड असतं, त्याजागी व्हॅलिन आलं की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सिकलसेलचा आजार होतो, एवढा एक परिच्छेद पुस्तकात होता. उदाहरणं आफ्रिकेतली आणि अमेरिकेतली. मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकल पेशी आढळतात, हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवलं होतं. आम्ही त्याच शहरात बसून तो परिच्छेद पाठ करत होतो आणि त्यात नागपूरचं नावही नव्हतं.

तेव्हा अभ्याससाहित्य म्हणजे तक्ता, पुस्तक आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या. एम.एस्सी.ला आल्यावर पुस्तकांच्या मागचं जग दिसलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘बायोलॉजिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड होते, त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत निबंधांचे सारांश असायचे. मूळ निबंध मिळवायचा तर लेखकाला छापील कार्ड पाठवायचं: आपल्या अमुक निबंधाची प्रत कृपया पाठवावी. टपाल परदेशी जायचं आणि दोन-तीन महिन्यांनी कधी तपकिरी पाकीट यायचं, कधी काहीच नाही. आलेल्या प्रतीवर लेखकाची शाईतली सही असली की ती आम्ही एकमेकींना दाखवायचो. पुढे आयुष्यभर पुरलेली एक गोष्ट मी त्या पाकिटांतून शिकले. आपल्याला कधीही न भेटलेला माणूस आपल्यासाठी ज्ञान पाठवू शकतो, आणि त्याबदल्यात काही मागत नाही.

नोकरी लागली ती पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात. काही वर्षांनी एका अभ्यासक्रमासाठी पुण्याला गेले, तेव्हा विद्यापीठाच्या बायोइन्फर्मेटिक्स केंद्रात पडद्यावर हिमोग्लोबिन दिसलं. रासमोल नावाचा छोटासा प्रोग्रॅम होता. ब्रिटनमधल्या रॉजर सेल या तरुणाने तो लिहिला आणि १९९३ साली सगळ्यांना फुकट देऊन टाकला. माउस दाबून ओढला आणि तक्त्यावरची ती चपटी गुंडाळी वळली. तिला पाठ होती, पोट होतं, आत शिरायला वाटा होत्या. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने १९३७ साली हिमोग्लोबिनचे स्फटिक हाती घेतले आणि त्याचा पहिला ढोबळ आकार कळायला १९५९ साल उजाडलं. त्या बावीस वर्षांचं फळ माझ्या हाताखाली गोल फिरत होतं. प्रोग्रॅम आणि रेणूची फाइल एका फ्लॉपीत मावत होती. ती फ्लॉपी पर्समध्ये घालून मी परत आले.

आमच्या विभागात संगणक आले ते अनुदानातून, नव्या शतकाच्या सुरुवातीला. जुन्या स्टोअररूमला रंग दिला, खाली लिनोलियम टाकलं, दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी लागली. इंटरनेटची तार ऑफिसातल्या टेलिफोनवरून ओढलेली होती, त्यामुळे ऑफिसला फोन करायचा असला की आमचं पान अर्धवट थांबायचं. त्यात भारनियमन. दुपारची बॅच बसली की यूपीएस ओरडायला लागायचे आणि मुलं घाईघाईने फाइली सेव्ह करायची.

म्हणून मी साठवायला लागले. सकाळी लवकर लाइन मोकळी असायची, तेव्हा जेनबँकेतून, म्हणजे अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या जनुक-नोंदींच्या सार्वजनिक भांडारातून, एकेक नोंद उतरवून घ्यायची. प्रथिनांचे आकार प्रोटीन डेटा बँकेतून. ही बँक १९७१ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त सात रेणू होते. पबमेड १९९७ पासून सगळ्यांना मोफत खुलं झालं होतं, तिथून निबंधांचे सारांश. हे सगळं ‘अभ्याससाहित्य’ नावाच्या एका फोल्डरमध्ये घालून प्रत्येक संगणकावर चढवलं. सोबत मराठीतल्या कृतिपत्रिका, झेरॉक्स करून स्पायरल घातलेल्या. नेट नसलं तरी बॅच अडायची नाही. त्या फोल्डरमधल्या कित्येक गोष्टी कालांतराने बदलल्या. हिमोग्लोबिन मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

ती कृतिपत्रिका अशी आहे. बीटा साखळीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अक्षरांची एक ओळ दिसेल: एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के. अमिनो आम्लांना ही एकेका अक्षराची नावं मार्गारेट डेहॉफ या विदुषीने दिली. १९६५ साली तिने तोवर माहीत असलेल्या प्रथिनांचा संग्रह पुस्तकरूपाने काढला होता, आजच्या सगळ्या भांडारांची ती आजी. आता सहावं अक्षर शोधा. मुलं बोट ठेवून मोजतात आणि थांबतात, कारण सहाव्या जागी पी आहे, म्हणजे प्रोलिन. पुस्तक म्हणतं सहावं ग्लुटामिक अ‍ॅसिड, म्हणजे ई, आणि ते तर सातवं आलं. कोणी म्हणतं फाइल चुकली, कोणी म्हणतं पुस्तक. मी उत्तर देत नाही. मग एखादीला पहिलं अक्षर खटकतं. एम म्हणजे मेथिओनिन. प्रत्येक प्रथिनाची जुळणी त्याच्यापासून सुरू होते, पण हिमोग्लोबिनमधून पेशी ते नंतर छाटून टाकते. जनुकावरून वाचलेल्या नोंदीत ते असतं, रक्तातल्या प्रथिनात नसतं. पुस्तक रक्तातलं मोजतं, भांडार जनुकापासून मोजतं. दोघंही बरोबर.

एवढ्या एका अक्षराच्या फरकाने मुलं जेवढं शिकतात, तेवढं माझ्या तासभराच्या व्याख्यानाने शिकत नाहीत. छापलेलं वाक्य कुठून आलं, कोणी मोजलं, कुठून मोजायला सुरुवात केली, हे विचारायची त्यांना सवय लागते.

पुढची पायरी जनुकाची. बीटा साखळीचा संदेश ४४४ अक्षरांचा. त्यात सातव्या त्रिकुटात जीएजी असतं, सिकलमध्ये जीटीजी. चारशे चव्वेचाळिसांत एक. आणि मग २एचबीएस ही फाइल, सिकल हिमोग्लोबिनचा प्रत्यक्ष मोजलेला आकार. प्राणवायू सोडून दिलेल्या दोन रेणूंची ती जोडी आहे. बाकी सगळं करडं करायचं आणि ते एक व्हॅलिन पिवळं. मग हळूहळू फिरवायचं. एका क्षणी दिसतं की पहिल्या रेणूवरचं व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खोबणीत जाऊन बसलंय, काजात बटण बसावं तसं. खोबणीच्या कडेला फेनिलअ‍ॅलनिन आणि ल्युसिन, दोन्ही व्हॅलिनसारखीच पाण्यापासून अंग चोरणारी. रेणूला रेणू लागत जातो, दोर वळला जातो, दोराने पेशी ताणली जाते, वाकडी झालेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. प्राणवायू धरलेल्या रेणूत ही खोबणी अशी हाताशी येत नाही, म्हणून प्राणवायू कमी पडला की दुखणं उसळतं.

एका वर्षी हे दाखवत असताना मागच्या संगणकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, माह्या भावाले थंडीत लय दुखते, ते हेच आहे का?” वर्ग शांत झाला. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, शरीरातलं पाणी कमी झालं तरी त्रास वाढतो, पाणी भरपूर का प्यायचं, डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया हे औषध का देतात, हे आम्ही पडद्यावरच्या त्या पिवळ्या ठिपक्यापासून सुरू करून बोलत गेलो. ती तास संपल्यावरही रेणू फिरवत बसली होती. भाऊ दुखण्याने रात्र रात्र जागतो, गावात कोणी बाहेरचं झालं म्हणतं, कोणी आईला बोल लावतं. तिला पहिल्यांदा दुखण्याचं कारण डोळ्यांनी दिसलं होतं, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता.

आमच्याकडे सिकलसेल ही पुस्तकातली गोष्ट नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, इकडे मेळघाट, तिकडे नंदुरबार. अनेक आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत त्याचे वाहक आहेत. वर्गात बसलेल्या कुणाच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डावर काय लिहिलंय हे मी विचारत नाही, आणि मुलांनीही एकमेकांना विचारू नये हा त्या खोलीचा नियम आहे. पण चौकोनांचं गणित सगळ्यांनी करायचं. आई वाहक, वडील वाहक, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण मोकळं असण्याची २५. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली मी रेघ मारायला लावते, कारण पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा समज घरोघरी आहे.

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं, आणि बेडकाच्या ट्रेऐवजी पडद्यावरचा बेडूक आला. ते योग्यच झालं. पण त्या बेडकात जे घातलं होतं तेवढंच सापडतं. हिमोग्लोबिनची नोंद तशी नाही. ती कोणीतरी खऱ्या रक्तावरून घेतली आहे, ती प्रश्न विचारू देते आणि कधी कधी आपल्यालाच प्रश्न विचारते. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी माझ्या मुलांना खऱ्या नोंदींपर्यंत पोचवा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

२०२०च्या जानेवारीत नव्या करोना विषाणूचा जनुकसंच चिनी शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवला, २९,९०३ अक्षरांचा. मार्चमध्ये आमची खोली बंद झाली आणि मुलं गावोगावी गेली. व्हिडिओवरची व्याख्यानं त्यांच्या मोबाइलवर अडकायची. पण तीस हजार अक्षरांची फाइल म्हणजे तीसेक किलोबाइट, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपेक्षाही हलकी. ती सगळ्यांपर्यंत पोचली. मुलांनी तिच्यातलं काट्याच्या प्रथिनाचं जनुक शोधलं, पुढे डेल्टा आला तेव्हा बदललेली अक्षरं लावून पाहिली. हिमोग्लोबिनवर बोट ठेवून मोजायला शिकलेली मुलं साथीच्या काळात बातमी आणि नोंद यांतला फरक ओळखत होती.

जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे, आधी सात कोटी लोकांची तपासणी. आमचे काही माजी विद्यार्थी आता ग्रामीण रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत हीच तपासणी करतात. विद्राव्यता चाचणीत द्रावण गढूळ झालं की पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचं, हे त्यांना यंत्रवत येतंच. पण समोरच्या बाईला गढूळ होणं म्हणजे काय, हे सांगता येणं वेगळं. मागच्या वर्षाच्या बॅचने त्यासाठी चार पानांची पत्रिका तयार केली, मराठीत आणि गोंडीत. आकृती त्यांनी स्वतः पडद्यावरून काढली, चौकोनांचं गणित चिंचोक्यांनी समजावलं. ती पत्रिका आता फोल्डरमध्ये आहे आणि आठवडी बाजारातही वाटली जाते.

ही भांडारं जनतेच्या पैशावर चालतात आणि अनोळखी माणसं त्यांची राखण करतात, म्हणूनच तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी आणि केंब्रिजमधला संशोधक एकच फाइल उघडू शकतात. हे दार उघडं राहिलं पाहिजे. त्यासाठी आवाज उठवणं हे फक्त शास्त्रज्ञांचं काम नाही, आम्हा शिक्षकांचंही आहे. आणि दार उघडं असणं पुरत नाही, त्यातून आत नेणारं कोणीतरी लागतं. एक चालता संगणक, मुलाच्या भाषेतली कृतिपत्रिका आणि शेजारी बसून मोजू देणारा शिक्षक, एवढं प्रत्येक कॉलेजात असायला हवं. मी निवृत्त होईन तेव्हा तो फोल्डर माझ्यानंतर येणाऱ्याच्या हाती देईन. त्याने त्यात भर घालावी, चुकलेलं खोडावं, आणि आमच्या भागातल्या माणसांची नोंद, त्यांच्या संमतीने, जगाच्या भांडारात जाईल असं पाहावं. आपण इतकी वर्षं तिथून घेत आलो. आता तिथे ठेवायची आपली पाळी आहे.