माझ्या हसण्याखालचं गाव

भोर,
कार्तिक वद्य पंचमी

ती. दादास,


भाऊबीजेला तुझी वाट पाहिली. गुडघ्याचं दुखणं आणि घाटातले रस्ते, तू आला नाहीस ते बरंच केलंस. ओवाळणीचं ताट तसंच देवापुढे ठेवलं. पण हे पत्र त्यासाठी नाही. फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आईची दोन लुगडी, आबांचा गिरणीचा पास, आणि तळाशी तुझ्या कॅसेटी. त्यातल्या एकीवर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'अ: शाहीर साबळे. ब: गोंधळ, 1988.' कडांना पांढरी बुरशी आलेली, आतला नमद्याचा तुकडा गळून पडलेला. बाजारपेठेतल्या रिपेअरवाल्या पोराने पाच बारके स्क्रू काढले, टेपची दोन्ही भेंडोळी अलगद उचलून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली आणि "काकी, आता एकदाच वाजवा, मोबाइलमध्ये भरून घ्या," म्हणाला. मी एकदा वाजवली. मग भरून घेतलेलं आठ दिवस ऐकते आहे.

आधी 'अ' बाजूचं सांगते. तू रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली गाणी. मध्येच चाळीतल्या नळावरची भांडी वाजतात. आणि एक गंमत अशी की शाहिरांची हाळी येण्याच्या क्षणभर आधी तीच हाळी बारीक, डोंगरापलीकडून आल्यासारखी ऐकू येते. मला वाटलं भास झाला. पोराने समजावलं: टेपचा एक वेढा दुसऱ्याला चिकटून वर्षानुवर्षं पडून राहिला की मोठ्या आवाजाचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उतरतो. इतक्या वर्षांनी तो आवाज आधी आपली सावली पाठवतो आणि मग स्वतः येतो.

काय आवाज होता तो दादा! माइकसाठी घडलेलाच नव्हता. देवळासमोरच्या पटांगणात, शेवटच्या रांगेत पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचायचं, तेवढ्यासाठी घडलेला. शाहीर 1923 साली पसरणीत जन्मले, वाईजवळ. वडील भजन म्हणणारे, आई ओव्या म्हणणारी. शिकायला आजोळी अमळनेरला गेले तिथे साने गुरुजी भेटले. घरचं भजन आणि गुरुजींची तळमळ, या दोन्ही गोष्टी मला त्या गळ्यात ऐकू येतात. भारुडात विंचवाची वेदना सांगतानासुद्धा ते टीका करत नाहीत, कळवळतात. आणि आपण रेडिओवर नाव फक्त त्यांचं ऐकायचो, पण त्यांची कितीतरी गाणी भानुमतीबाईंनी, त्यांच्या पत्नीने लिहिलेली. ते नाव आपल्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही. मी तरी यापुढे उच्चारणार आहे.

तुला तेव्हा बापाच्या गाण्यांपेक्षा लेकाची गाणी जवळची होती. देवदत्त साबळ्यांनी चाल दिलेलं 'मनाच्या धुंदीत' तू गच्चीवर गिटार घेऊन म्हणायचास आणि आबा खालून ओरडायचे. मला आता दोन्हींत एकाच घरची नाडी लागते. गिटारीखालचा ठेका ढोलकीच्याच गावचा आहे.

महाराष्ट्रगीताचं मात्र मला थोडं वाईट वाटतं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहिरांचा आवाज. 2023 पासून ते राज्यगीत झालं, त्यासाठी दोनच कडवी घेतली. मान मिळाला तो मिळायलाच हवा होता. पण त्या एका गाण्याने शाहिरांची बाकीची गाणी झाकली गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना ते गाणं पाठ, पण तोच माणूस कोळीगीतं, भारुडं, खंडोबाचा जागर गायचा हे कुणाला ठाऊक नसायचं. (त्या गाण्यातल्या नद्यांत आपली नीरा नाही म्हणून तू लहानपणी रुसला होतास. आबा म्हणाले होते, नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, आणि भीमा आहे गाण्यात. तू लगेच खूश.)

आबांसाठी शाहीर म्हणजे 1966 चं 'आंधळं दळतंय'. मुंबईत मराठी माणसाची काय गत झाली ते कुणीतरी स्टेजवर उभं राहून बोललं, हे ते शेवटपर्यंत सांगायचे. आपल्यासाठी शाहीर म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. आठवतं? संपाने गिरणी गेलेली, आबा कुठल्याशा गोदामावर रखवालीला. तरी तुझ्या पहिल्या पगारातून चार तिकिटं काढलीस आणि आपण दादरला शिवाजी मंदिरात गेलो. पडदा उघडला आणि वासुदेव आला. मग कोळी, बाल्ये, धनगर, वाघ्यामुरळी, पोतराज. मग दिवे उतरले, पोत पेटला आणि गोंधळी आले. संबळ सुरू झाला तशी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी चीज तिथे लांबत जायची. शाहीर एक ओळ टाकायचे, झीलकरी ती झेलायचे, पुन्हा परत फेकायचे, आणि त्या देवघेवीत प्रेक्षकही कधी ओढले जायचे ते कळायचं नाही. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले होते. शेजारच्या खुर्चीत आई पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, गाणं आवडलं म्हणून.

आता 'ब' बाजू. दोन वर्षांनी, तुझं लग्न. इथल्याच आपल्या अंगणात घातलेला गोंधळ. तूच टेपरेकॉर्डर सुरू करून ओट्यावर ठेवला होतास. आधी कंदिलाची, माणसांची खुडबुड, कुणीतरी पाच उसांची चौकट नीट बांधा म्हणतंय, आईचा आवाज, "ताटातले तांदूळ पसरू नका गं." मग तुणतुण्याची एकच तार लागते, आणि संबळ.

दादा, तोच ठेका. अगदी तोच. फक्त कातडं थोडं उतरलेलं, म्हातारा गोंधळी दमेकरी. तो देवांना आवतण देऊ लागतो. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, मग जवळ येत येत मांढरदेवची काळूबाई, आईच्या माहेरची वेल्ह्याची मेंगाई. आणि त्यावर एका मुलीचं हसणं. आधी दाबलेलं, मग खळखळून. ती मी आहे. माझ्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी मुंबईहून आल्या होत्या, त्यांच्यापुढे मला लाज वाटत होती. त्या म्हाताऱ्याचा ठिगळाचा झगा, कवड्यांची माळ, श्वास तुटून मध्येच खोकणं. मी हसत राहिले. कॅसेटवर सहा-सात वेळा ऐकू येतं. एकदा आईचं "गप गं" सुद्धा.

शिवाजी मंदिरात मी ज्याला टाळ्या वाजवल्या, तो माझ्या उंबऱ्यावर आला तेव्हा मी त्याला हसले. शाहिरांनी काय केलं होतं? याच लोकांचं गाणं उचलून, धुऊनपुसून, उजेडात मांडून आपल्याला परत दिलं होतं. गाव सोडून गिरणगावात गेलेल्या आपल्यासारख्यांना आपलंच गाव त्यांनी दादरला दाखवलं. आणि मी ते फक्त त्यांच्याकडूनच घेतलं. तिकीट काढून. ज्याच्याकडून त्यांनी घेतलं, त्याच्याकडून घ्यायची माझी तयारी नव्हती. आई त्या दिवशी थिएटरात का रडली ते मला आता कळतं. तिच्या माहेरचं आवतण तिला शहरात, मखमली खुर्चीत बसून ऐकायला मिळालं होतं.

गेल्या शुक्रवारी मी आंबाड्यावरून मांढरदेवचा घाट चढून वाईत उतरले आणि पसरणीला गेले. वर पाचगणीचं पठार, खाली कृष्णेचं खोरं. फार काही केलं नाही. देवळाच्या पायरीवर बसून कानाला मोबाइल लावून 'अ' बाजू ऐकली. शाहीर 2015 च्या मार्चमध्ये गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. मी एकदाही त्यांना जवळून भेटले नाही, आणि त्याची खंतही नाही. खंत दुसरीच आहे. येताना घाटमाथ्यावर काळूबाईच्या पायऱ्यांशी एक जण संबळ गळ्यात अडकवून बसला होता. मी त्याच्यासमोर बसले, त्याने वाजवून संपवेपर्यंत उठले नाही. दक्षिणा दिली, त्याचं गाव विचारलं. एवढंच जमलं.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. आवतणात मेंगाईच्या नंतर तो म्हातारा आणखी एका ठिकाणच्या देवाचं नाव घेतो. नेमकं तिथेच माझं हसणं सगळ्यात मोठं आहे. मी आवाज कमीजास्त करून पाहिला, पोराने मोबाइलवर काय काय करून पाहिलं, नाव लागत नाही. 'च्या' ऐकू येतं आणि मग मीच. नंतर अंगणातली सगळी बायामाणसं एकदम हात जोडल्यासारखी शांत होतात, म्हणजे ते नाव आपल्या घरचंच काही असणार. आबा असते तर सांगितलं असतं. काकींना विचारलं, त्यांना आठवत नाही.

तू त्या चौकटीसमोर बाशिंग बांधून बसला होतास, हातभर अंतरावर. तुला ऐकू गेलं असेल. आठवून बघ. मी सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे, बावीस मिनिटांच्या थोडं पुढे आहे. वहिनींनाही ऐकव, त्या तुझ्या शेजारीच होत्या. नाव लागलं की रात्री-अपरात्री कधीही फोन कर.

तुझी,
ताई
(घरात सगळ्यात धाकटी असून तूच ठेवलेलं नाव)