दोन खिडक्यांतला पूर

शब्दांकनाच्या कामात मला सोळा वर्षं झाली. नाशिकच्या जुन्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. यात मी एक नियम कटाक्षाने पाळते. एकाच माणसाकडून एकच आठवण दोनदा ऐकते, मध्ये दोन-तीन महिने जाऊ देते. मग दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी लावायची, इकडचं एक वाक्य ऐकायचं, तिकडचं एक.

विंडोजवर हे सहज व्हायचं. व्हीएलसी या प्लेअरच्या सेटिंगमध्ये एकच प्रत चालू ठेवण्याची खूण काढून टाकली होती, त्यामुळे दुसरी फाइल उघडली की दुसरा प्लेअर उभा राहायचा. गेल्या वर्षी मॅक घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी अडले. दुसरी फाइल उघडली की पहिली थांबून तिच्या जागी दुसरीच वाजू लागे. चिन्हावर कितीदा क्लिक केलं तरी तीच खिडकी पुढे यायची. मधोमध थांबवून ठेवलेली जागा हातची जायची, आणि आमच्या कामात ती जागाच महत्त्वाची.

असं का व्हायचं? विंडोजमध्ये मेनू प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर असतो, म्हणून खिडकी म्हणजेच प्रोग्रॅम अशी आपली समजूत होते. मॅकवर मेनू पडद्याच्या वरच्या कडेला, एकच. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, तिथपासूनचं हे वळण. प्रोग्रॅम एकदाच चालू करायचा, खिडक्या हव्या तितक्या उघडायच्या. लिहिण्याच्या कामाला ते पुरतं. मॅकवरचा व्हीएलसी मात्र एका वेळी एकच फाइल वाजवतो. पण आतून आजच्या मॅकची कार्यप्रणाली युनिक्स आहे, आणि युनिक्सला एकच प्रोग्रॅम चार वेळा चालवायचं कधीच वावडं नव्हतं. पाककृती एक, चुली कितीही मांडा.

मॅकवरचं टर्मिनल, म्हणजे लेखी आज्ञा देण्याची खिडकी, उघडायचं आणि इंग्रजीत टाइप करायचं: ओपन, वजा-एन, वजा-ए, व्हीएलसी. दर दोन शब्दांमध्ये एक जागा सोडायची. त्यातला वजा-एन नवी प्रत मागतो. एंटर दाबलं आणि खालच्या पट्टीत दोन केशरी शंकू दिसले, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. आता एकेका खिडकीत एकेक फाइल ओढून टाकते. एवढंच लक्षात ठेवावं लागतं की दोन्ही प्रतींची सेटिंग एकाच ठिकाणी साठते, म्हणून दोन्ही चालू असताना मी सेटिंगला हात लावत नाही.

पंचवटीतल्या एका आजींनी १९६९ चा गोदावरीचा पूर मला दोनदा सांगितला. नाशिकला पूर मोजायची पट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायांशी आहे, कमरेला आहे की छातीला, यावरून गावाला अंदाज येतो. पहिल्या बैठकीत आजी म्हणाल्या, "पानी मारुतीच्या छातीला व्हतं." दुसरीत म्हणाल्या, "नारोशंकराच्या घंटेला लागलं." नारोशंकराच्या देवळाची ही घंटा मारुतीच्या छातीपेक्षा कितीतरी उंच. आजींची आठवण गडबडली असं समजून मी पहिलं विधान गाळायला निघाले होते.

दोन्ही प्रती त्या वाक्याच्या अलीकडे थांबवल्या आणि आलटून पालटून ऐकत राहिले. पाचव्या-सहाव्या खेपेला पहिल्या ध्वनिमुद्रणात, स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या आवाजाखाली एक शब्द सापडला: "सकाळच्याला". दुसरीकडे तोच शब्द यायच्या जागी होतं, "दिवे लागायच्या वक्ताला". आजी चुकल्या नव्हत्या. एकदा सकाळचं पाणी सांगितलं, एकदा संध्याकाळचं. एकामागून एक ऐकताना दोन्ही वेळा माझं लक्ष फक्त पाण्याच्या उंचीकडे गेलं होतं, वेळेचे शब्द निसटले होते.

दोन कथनांचं मिळून एक गुळगुळीत कथन करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती मला मान्य नाही. आजींच्या शब्दांकनात मी दोन्ही बैठका तारखांसह वेगवेगळ्या छापल्या.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याची आठवण फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. काही महिन्यांनी तीच आठवण पुन्हा विचारा, आणि नवी फाइल जतन करताना जुनी पुसू नका.