हळदीच्या दोन म्हणी

आजीच्या बोलण्यात म्हणी पुष्कळ, पण तिच्या मर्जीतल्या दोन, आणि दोन्ही हळदीच्या. कुणी घायकुतीला आलं की ‘पी हळद अन् हो गोरी’. कुणी जरा यशानं फुगलं की ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय’. वाई तालुक्यातल्या त्या घरात हळद पिकतच होती, त्यामुळे म्हणी शोधायला तिला लांब जावं लागत नसे. शाळेच्या फळ्यावरचे सुविचार दुसऱ्या दिवशी पुसले जात. या म्हणी मात्र पुसल्या गेल्या नाहीत.

म्हणीमागचा हिशेब शेतात दिसायचा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद काढायला येते ती माघ-फाल्गुनात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, फिरत्या ढोलात घालून पॉलिश करायची. ओल्या मालाचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळून हाती लागतो. इतकं सगळं पाहिलेल्या बाईनं धीर धरा म्हणावं, हे बरोबरच होतं.

कॉलेजला साताऱ्यात आलो आणि वेगळ्याच जातीचं वाक्य भेटलं : ‘कमवा आणि शिका’. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. सकाळी शेतात राबून दुपारी वर्गात बसणारी पोरं तिथं घडली. मला यातलं शहाणपण आजीच्या म्हणीपेक्षा मोठं वाटतं. नुसतं ‘थांब’ म्हणून ते मोकळं होत नाही. थांबायच्या काळात पोटाचं काय, याचीही सोय लावतं.

नोकरी सांगलीत लागली, आणि सांगलीनं पहिल्या म्हणीची दुसरी बाजू दाखवली. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी नावाजलेलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाला अरुंद, पोटात ऐसपैस कोठार. हळद आत वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला तर आतली हवा वाईट. दर चढेपर्यंत माल दाबून ठेवायची ही युक्ती, पण ती ज्याचा माल पेवात त्याच्यासाठी. ज्याचं सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये थकतं, तो पडत्या भावातच सौद्याला उभा राहतो. आजीनं हे कधी म्हणीत घातलं नाही. कदाचित तिला ते सांगण्याइतकंही नवं वाटलं नसेल. आणि थांबणाऱ्यांचंही सगळं साधलं असं नाही : २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, साठवलेली हळद गेली.

अजून हळद करणाऱ्या मामेभावाला परवा मी सहज म्हटलं, ‘‘भाव वाढेपर्यंत थांबत का नाहीस?’’

तो म्हणाला, ‘‘नऊ म्हैने थांबतोच की. फुडचं सोसायटीच्या सचिवाला इचार.’’