कुलपाआडचे सव्वीस अंक

५ ऑगस्ट २०२४, सांगली
सकाळी डोंगल गेलं. नखाएवढा तुकडा, पण तो कॉम्प्युटरला लावल्याशिवाय आमचे मराठी फॉन्ट चालत नाहीत. विकणाऱ्यांना फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या, म्हणाले. नवीत जुन्या फायली नीट उघडतील का, यावर धड उत्तर नाही. १९९८पासूनचे सव्वीस दिवाळी अंक या तुकड्यापायी अडकले आहेत.

७ ऑगस्ट
फाईल तशीच उघडली. पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं. या फॉन्टांनी मराठी अक्षर कधी साठवलंच नव्हतं. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते, तेही प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे. आम्ही सवयीपायी तिकडे वळलो नाही, ही आमची चूक.

११ ऑगस्ट, रविवार
पुतण्याने लिब्रेऑफिस बसवून दिलं. पैसा लागला नाही, कुलूपही नाही. १९९९चा छापील अंक शेजारी ठेवून कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, याचं कोष्टक करत बसलो. अक्षरं पटापट लागली. छळलं ते ऱ्हस्व वेलांटीने आणि रफाराने. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करायची. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफार बरोबर उलटा: जुन्यात शेवटी, इथे आधी. 'निर्मिती' या एका शब्दासाठी कोष्टक चार वेळा बदललं. संध्याकाळी एक अख्खी कथा वाचता आली. तिचे लेखक आता नाहीत, हस्तलिखितही नाही. बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिलो.

१६ ऑगस्ट
मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फॉन्ट उतरवून घेतला. परवाना नीट वाचला: वापरा, वाटा, छापा, बदलसुद्धा करा, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. पंचवीस वर्षांत कुठल्या फॉन्टने मला एवढा हक्क दिला नव्हता. आधी 'दऱ्या' टाइप करून पाहिलं. 'र'ची कोर जागच्या जागी.

२१ ऑगस्ट
यंदाच्या अंकाच्या पानांच्या जुळणीला स्क्रायबस हे खुलं सॉफ्टवेअर घेतलं. पूर्वी त्यात जोडाक्षरं फुटत, म्हणून नाद सोडला होता. यंदा जानेवारीत आलेल्या १.६ आवृत्तीत ती नीट येतात. अक्षरांची जोडणी करणारी हार्फबझ ही प्रणालीही खुलीच. एकाने केलेलं काम दुसऱ्याला असं उचलता येतं. हात मात्र जड पडतो आहे. एरवी दिवसात होणाऱ्या आठ पानांना दोन दिवस लागले. नवशिक्याने घाईच्या कामाला हे घेऊ नये. आधी एखादी पत्रिका, एखादी स्मरणिका करून बघावी.

२७ ऑगस्ट
पहिला सोळा पानी फर्मा छापून आला. रंग बरोबर, एकही जोडाक्षर फुटलेलं नाही. जुन्या अंकांपैकी तीन सोडवून झाले, तेवीस बाकी. कोष्टक मागेल त्याला देणार आहे. ज्यांच्या कपाटात अशा जुन्या फायली आहेत, त्यांनी डोंगल चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडात काढून ठेवावा.