हवाली करण्यापूर्वी

स्कीच्या जुन्या सामानाला भाव येतो तो शरद ऋतूत. ऑक्टोबरअखेर वॉसॅच पर्वताच्या माथ्यांवर पहिले हिम दिसू लागले, की सॉल्ट लेक सिटीत ठिकठिकाणी अशा सामानाचे बाजार भरतात, आणि उन्हाळ्यात जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते त्या जोडीसाठी दोन गिऱ्हाइके एकदम हात पुढे करतात. माझे प्रस्थान मात्र ऑगस्टात ठरले होते. कृत्रिम अवयव घडविण्याच्या विद्येचा अभ्यासक्रम ह्यूस्टनला सुरू व्हावयाचा होता, आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम १५ मीटर उंचीवर पसरलेल्या त्या सखल नगरीत तीन स्कीजोड्या, बूट आणि त्यांचा सारा सरंजाम नेऊन ठेवण्यात मला अर्थ दिसेना. तेव्हा किंमत मिळेल ती घ्यावी, परंतु माणूस पारखून घ्यावा, असा निश्चय करून जुलैच्या उन्हात मी सामानाची याद करावयास बसलो.

लिटल कॉटनवुड कॅनियनच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात मी कित्येक हिवाळे स्की दुरुस्त करण्याचे आणि लोकांच्या पायांना बूट बसवून देण्याचे काम केले. या अरुंद दरीच्या वरच्या टोकाला अल्टा आहे. तेथील पहिली लिफ्ट १९३९ साली सुरू झाली, स्नोबोर्डवाल्यास तेथे आजही मज्जाव आहे, आणि सरासरीच्या वर्षी १२ मीटरांहून अधिक हिम तेथे पडते. हे हिम कोरडे व हलके असल्यामुळे येथल्या शौकिनाच्या घरी, कमरेपाशी ११५ मिलिमीटर रुंद अशी एखादी जोडी हमखास सापडते. ताज्या, भुसभुशीत थरावर ती सुखाने तरंगते, परंतु यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येण्यास रेंगाळते. नवशिक्यास ती स्वस्तात मिळाली तरी महागच पडते, म्हणून माझी रुंद जोडी मी अशाच माणसास दिली, की ज्याला खोल हिमात उतरताना मी स्वतः पाहिले होते.

विकणाराने आपली वस्तू घेणाराच्या दृष्टीने तपासावी, एवढेच नव्हे तर घेणारास जे तपासता येणार नाही तेही तपासून त्याच्यापुढे मांडावे, अशी माझी श्रद्धा आहे. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या, की टोकाशी आणि शेपटाशी त्या एकमेकींना भेटतात व मध्ये उजेडाची निमुळती फट राहते. ही फट म्हणजे लाकडी गाभ्यात शिल्लक असलेला ताण होय, आणि ती मिटत आली असेल तर वरच्या रंगाचे तेज पाहून भुलू नये. पोलादी कडेवरून अंगठ्याचे नख आडवे ओढावे. धार असेल तर नखाचा पांढरा भुगा कडेवर जमतो. परंतु धार कानशीने पुन्हा आणता येते, पोलाद आणता येत नाही. कडेचे पोलाद असते दोनेक मिलिमीटर जाडीचे, आणि धार लावण्यागणिक त्यातला अंश कायमचा जातो. म्हणून प्रत्येक जोडीबरोबर मी तिची वहीतील नोंद उतरून दिली : बाजूचा कोन ८८ अंश, तळाकडील उतार १ अंश, दगडावर तळ केव्हा घासून घेतला, कोठे खडक लागला आणि तेथे काय भरले. पुढच्या कारागिराने हाच कोन राखला तर कड आणखी काही वर्षे टिकेल. त्याने अंदाजाने दुसरा धरला, तर पहिल्याच बैठकीत तीन हिवाळ्यांचे पोलाद भुगा होऊन जमिनीवर पडेल.

बाइंडिंगच्या बाबतीत मात्र नोंद देऊन भागत नाही. बुटाला स्कीशी जखडून ठेवणारी आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जोर येताच त्याला सोडून देणारी ही कळ आहे. नॉर्वेत जन्मलेले आणि पोर्टलंडला स्थायिक झालेले ह्याल्मार व्हाम यांचा पाय १९३७ साली माउंट हूडवर मोडला, आणि त्या दुखण्यातच आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना त्यांना सुचली. आज हा सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की खेळण्याची धाटणी यांवरून काढतात. म्हणजे माझ्या बाइंडिंगवरचा आकडा ही माझ्या शरीराची कैफियत आहे, आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी वापरली तर एक तर बूट भलत्या क्षणी सुटेल, नाही तर सुटावयास हवा तेव्हा सुटणार नाही. कागदाच्या चिठ्ठीवर माझा विश्वास नाही, म्हणून बाइंडिंगवरच मी चिकटपट्टी आडवी लावली आणि तिच्यावर लिहिले, की दुकानात आपल्या बुटानिशी तपासून घेतल्याखेरीज वापरू नये. एका जोडीची बाइंडिंग इतकी जुनी झाली होती, की निर्माता ज्या नमुन्यांची जबाबदारी स्वीकारतो त्यांच्या यादीतून ती गळाली होती, आणि अशा बाइंडिंगला कोणतेही जबाबदार दुकान हात लावीत नाही. ती मी उतरवून मोडीत काढली, भोकांत गुंड्या व गोंद भरला आणि नुसत्या स्की विकल्या. भोके कोठे आहेत हे सांगूनच, कारण जुन्या भोकाला खेटून नवे पाडले की गाभा कच्चा होतो.

हेल्मेट विकले नाही. एकदा ते आपटले होते, आणि आतला फेस दबला तर बाहेरच्या कवचावरून काही कळत नाही. कचऱ्यातूनही ते कोणी उचलू नये म्हणून त्याचे पट्टे कापून टाकले. हिमकड्याखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव ४५७ किलोहर्ट्झच्या लहरींवर सांगणारे यंत्र ओळखीच्या गिर्यारोहकाने घेतले, तेही माझ्यासमक्ष त्याची पल्ल्याची परीक्षा घेऊन.

बुटांचा प्रसंग सर्वांत अवघड गेला. युटा विद्यापीठात शिकणारा नागपूरचा एक मुलगा एका संध्याकाळी घरी आला. अरुंद जोडी त्याने पसंत केली आणि मग बूट उचलून म्हणाला, "काका, माप तर एकच आहे, साडेसत्तावीस. मला हेही द्या ना." मी लायनर बाहेर काढले आणि त्याला नुसत्या कवचात पाय घालून उभे राहावयास सांगितले. बोटे पुढे टेकविल्यावर टाचेमागे दोन बोटे मावली. इथपर्यंत सर्व यथास्थित होते. परंतु माझ्या घोट्याच्या हाडाला जागा व्हावी म्हणून मी ते कवच तापवून आतून बाहेर दाबले होते, आणि त्याचे हाड त्या खळग्याच्या चांगले एक बोट खाली येत होते. लायनरने तर उष्णतेने आणि वापराने माझ्या टाचेचाच आकार घेतला होता. त्याची निमुळती टाच आत सहज वर उचलली जाई. टाच उचलली गेली की माणूस बोटे आखडून बूट धरू पाहतो, पिंढरी ताठरते, आणि वळण घेण्याची आज्ञा पायापासून स्कीपर्यंत पोहोचेपर्यंत वळण निघून गेलेले असते. "बाळ, पहिला हंगाम बूट भाड्याने घे," मी म्हणालो, "आणि पुढे पैसे साठले की आधी नवे बूट घे, बाकी सारे जुने चालेल." त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले असावे, की मला अधिक किंमत हवी आहे. तेव्हा मी त्याचे बोट धरून कवचातील तो रिकामा खळगा त्याला चाचपावयास लावला, आणि मग तो काही बोलला नाही.

याच कामाने मला नव्या व्यवसायाकडे नेले. मांडीपासून पाय गेलेल्या एक बाई दर हिवाळ्यात आमच्याकडे एकच स्की धार लावावयास आणीत. त्या एका पायावर आणि हातांतील दोन लहान स्की-कुबड्यांवर उतरत असत, म्हणून त्यांच्या स्कीच्या दोन्ही कडा सारख्याच झिजलेल्या असत. त्यांचा बूट मी अनेकदा बसवून दिला. एकदा त्यांनी सहज म्हटले, की हा बूट दुपारी काढून ठेवता येतो, घरी चालताना जे घालावे लागते ते दिवसभर काढता येत नाही, आणि ते याच्या निम्मेही नीट बसलेले नाही. बालपणी पुण्यात वानवडीला १९४४ साली स्थापन झालेल्या कृत्रिम अवयव केंद्रावरून मी नित्य जात असे. आत काय चालते याची चौकशी करण्याचे मला कधी सुचले नव्हते. त्या बाईंच्या वाक्यानंतर मात्र पुस्तके मागविली, आणि कापलेल्या अवयवाभोवती जे पात्र बसवावयाचे त्याचे मर्म वाचताना जागोजाग आपलेच काम भेटू लागले : हाडावर भार घेऊ नये, मांसल भागावर घ्यावा, जेथे बोचते तेथे पुष्कळदा दोष नसतो, तो दुसरीकडेच सैल सुटलेल्या जागेत असतो. अधिक कठीण भाग पुढे आहे, कारण उरलेला अवयव सकाळ-संध्याकाळ फुगतो आणि आक्रसतो, आणि तेथे चुकीची शिक्षा त्वचेवरील व्रणाने भोगावी लागते.

शेगडा, मेणाची इस्त्री आणि ब्रश दुकानातील सहकाऱ्याने घेतले. त्याने किंमत विचारली नाही आणि मी सांगितली तेवढी दिली. कवच तापविण्याची गरम हवेची बंदूक आणि मापाचे कॅलिपर मात्र यादीतून खोडून ह्यूस्टनच्या पेटीत घातले, कारण प्लास्टिकचे पात्र जेथे बोचते तेथे तेही याच बंदुकीने तापवून बाहेर दाबावे लागते.