पाच विषय सोडून

एकोणिसाव्या वर्षी मला गप्पा मारायला शिकवण्यात आलं. रीतसर, शिट्टी लावून.

२०१६ चा ऑगस्ट. कॉलेज सुरू व्हायला आठवडा होता आणि इंडियानातल्या आमच्या सोरोरिटीच्या घरात आम्ही ऐंशीएक मुली जोड्या करून उभ्या होतो. अर्ध्या जणींनी नव्या मुली व्हायचं, अर्ध्या जणींनी सभासद. शिट्टी वाजली की बोलायला सुरुवात, चार मिनिटांनी पुन्हा शिट्टी, की जोडी बदलायची. एका हॉलमध्ये चाळीस संभाषणं एकदम चालू असली की कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून सगळ्याच ओरडतात. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला होता.

सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची विद्यार्थिनींची संघटना. एकत्र घर, वर्गणी, समाजकार्य, पार्ट्या आणि आयुष्यभर एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणणं. अशा सोरोरिटींची (२०१६ मध्ये त्या २६ होत्या) ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ ही शिखर संस्था १९०२ पासून आहे. नव्या मुली घ्यायच्या भरतीला जुन्या सवयीने ‘रश’ म्हणतात. पहिल्या फेरीत नवी मुलगी कॅम्पसवरच्या सगळ्या घरांना भेट देते. पुढच्या फेऱ्यांत घरं कमी होत जातात आणि प्रत्येक घरातला वेळ वाढतो. प्रत्येक फेरीनंतर ती घरांचा पसंतीक्रम लावते, घरं मुलींचा लावतात, संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि तिच्या हातात पुढच्या फेरीचं वेळापत्रक पडतं.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे कांदेपोहेच की. फक्त पोहे दोन्ही बाजूंनी.”

शिकवलेलं बरंचसं खरोखर चांगलं होतं. ‘मेजर काय’ आणि ‘गाव कुठलं’ हे प्रश्न बाद, कारण प्रत्येक घरात तिला तेच विचारलेलं असतं. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असं काही विचारायचं नाही. तिने उत्तर दिलं की लगेच आपली गोष्ट सुरू करायची नाही. तिच्या उत्तरातलाच एखादा शब्द उचलून पुढचं विचारायचं. ‘उन्हाळ्यात आजीकडे होते’ असं ती म्हणाली, तर ‘आजी सकाळी किती वाजता उठवायची?’ हे विचार, असं आमची सीनियर सांगायची. पहिल्या दोन प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं मिळतात, तिसऱ्याला माणूस बोलायला लागतो, हे तिचं गणित.

सगळ्यात अवघड होतं ते मुलगी दुसरीकडे सोपवणं. आपण बोलत असताना दुसरी सभासद शेजारी येऊन उभी राहते. मग ओळख करून द्यायची आणि हळूच निघायचं. ‘ही अमुक’ एवढं पुरत नाही. ‘ही वडिलांबरोबर जुने ट्रॅक्टर दुरुस्त करते’ असं काहीतरी सांगायचं. त्यामुळे आलेलीला धागा मिळतो आणि मुलीलाही कळतं, की आपलं बोलणं कोणीतरी ऐकलंय. ऑफिसच्या पार्टीत मी आजही हे करते.

आणि पाच विषय वर्ज्य. इंग्रजीत पाचही शब्द ‘बी’ या अक्षराने सुरू होतात. मराठीत सांगायचं तर मुलगे, दारू, धर्म, निवडणुका आणि पैसा.

नाशिकला आमच्याकडे पैसा हा कधीच वर्ज्य विषय नव्हता. नव्या बिऱ्हाडात आलेला पाहुणा चपला काढता काढता ‘भाडं किती?’ विचारायचा. बाबा सहकारी बँकेत क्लार्क होते. व्याजदर आमच्याकडे जेवताना निघायचे. काकांनी भरलेल्या अर्जावर बारा वर्षांनी आमचं ग्रीन कार्ड आलं, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि बाबा अठ्ठेचाळीस. इथे ते गोदामात खोकी उचलायला लागले. घरातला ‘किती’ हा शब्द कधी बंद झाला ते कळलंच नाही. मला शिट्टी लावून शिकवायच्या आधीच तो नियम मला येत होता.

माझी सोरोरिटीची वर्गणी सहामाहीला साडेसातशे डॉलर होती. ग्रंथालयाच्या काउंटरवर मला ताशी नऊ डॉलर मिळायचे, म्हणजे जवळजवळ ८४ तास. मी हप्ते बांधून घेतले होते. खजिनदार मुलगी सोडली तर हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत ती माझ्या वाट्याला आली. शेतकऱ्याची मुलगी, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. हात पुढे करताना तिचा तळवा घामाने ओला होता. आधीच्या सभासदाने सोपवताना सांगितलं, “हिने डुक्कर पाळलं होतं.” मग काय, सरळ तिसऱ्या प्रश्नावर! जिल्ह्याच्या जत्रेत शाळकरी मुलं स्वतः वाढवलेली जनावरं दाखवायला आणतात आणि शेवटी त्यांचा लिलाव होतो. तिने त्याला रोज संध्याकाळी काठीने वळवत चालायला शिकवलं होतं. ते किती वजनाचं भरलं, पौंडाला काय भाव आला, सगळं तिने सांगितलं. परत येताना वडिलांच्या ट्रकमध्ये ती रडली आणि वडिलांनी रेडिओ मोठा केला, हेही. मी हसले, मग माझेही डोळे भरून आले. आठवडाभरातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या.

मग तिने आवाज खाली आणून विचारलं, “हे सगळं किती पडतं? तू कसं भरतेस?”

आकडा माझ्या जिभेवर होता. हप्ते, तास, सगळं. मी हसून म्हटलं, “त्याचं पत्रक मिळेलच तुला. पण खरं सांगू, इथल्या मैत्रिणी अमूल्य आहेत.”

तिने मान डोलावली. शेजारी पुढची सभासद येऊन उभी होती. ‘हिने डुक्कर पाळलं होतं,’ असं सांगून मी निघाले.

रात्री प्रत्येकीला पाचपैकी गुण द्यायचे आणि एक ओळ लिहायची. मी तीन दिले. लिहिलं, ‘गप्पा छान. खर्चाची काळजी दिसते.’ वाक्य खरं होतं. ते तिच्या विरुद्ध जाईल हे मला कळत होतं, आणि ते माझ्याबद्दलही तितकंच खरं होतं.

पुढच्या फेरीच्या यादीत ती नव्हती. आम्ही तिला गाळलं की तिने आम्हाला खालचा क्रम दिला, हे कळायला मार्ग नसतो. दोन्ही याद्या गुप्त. त्या गुप्ततेचा मला आधार वाटला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

जानेवारीत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला मी प्रयोगशाळेत मदतनीस होते. ती तिसऱ्या रांगेत बसायची. एकदा तिने हात वर केला. लूप एकदा जास्त फिरत होता. तो दुरुस्त झाल्यावर मी म्हटलं, आपण भेटलोय. तिला आठवेना. त्या आठवड्यात तिने माझ्यासारख्या शंभर जणींशी हात मिळवले असतील. मी डुकराचं नाव काढलं, तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“साडेसातशे,” मी म्हटलं. “सहामाहीला. मी हप्त्यांनी भरते.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हप्ते असतात?”

“मागितले तर.”

“आता काय उपयोग,” ती हसून म्हणाली आणि तिने पुन्हा कोड चालवला. या वेळी बरोबर चालला.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा शिट्टी, पुन्हा ते पाच विषय. त्या भरतीत तिघींनी मला खर्च विचारला. तिघींना मी माझा आकडा सांगितला, तास सांगितले, हप्ते कोणाकडे मागायचे तेही सांगितलं. एकीला सांगताना सीनियरने लांबून डोळे मोठे केले. तिघींपैकी एक आमच्याकडे आली. बाकीच्या दोघी का आल्या नाहीत, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही. पण खर्च किती हे तरी त्यांना ठाऊक होतं.