ह्या तांदळाला पाणी किती?

चेन्नईजवळच्या आवडी इथल्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराशी एक मोठं पातेलं ठेवलेलं असतं. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना बायका एक मूठ बाजूला टाकतात आणि महिनाभराची ती पिशवी आणून त्या पातेल्यात रिती करतात. तमिळमध्ये ह्याला 'कैपिडी अरिसी' म्हणतात. लग्न होऊन नगरहून इथे आले तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी आपल्याकडच्या बायकांनी अशीच मूठमूठ धान्य काढलं होतं. मुष्टिफंड म्हणत त्याला. माझे सासरे नगरला रणगाड्यांच्या संशोधनात होते. 1976मध्ये ते काम नगरहून आवडीला हललं, त्याबरोबर माझ्या सासरचं बिऱ्हाडही.

ह्या मुठीच्या तांदळाचं खरं काम मला कळलं ते 2020च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी लागली होती, उपासना बंद होत्या आणि चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सहा-सात जणी शिधा बांधत होतो. तमिळनाडूत रेशनचा तांदूळ 2011पासून फुकट मिळतो, त्यामुळे ज्याच्याकडे इथलं कार्ड होतं त्याच्या घरी निदान भात तरी शिजत होता. आमच्या रांगेत उभे होते ते ज्यांचं कार्ड बिहारात, ओडिशात, नाहीतर आपल्या महाराष्ट्रात होतं. 'एक देश, एक रेशन कार्ड' इथे लागू झालं ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. अंबत्तूरच्या कारखान्यांतली, बांधकामांवरची ही माणसं तोवर काय खाणार होती?

निवडण्याचं काम माझ्याकडे होतं. घरोघरच्या मुठी म्हणजे घरोघरचा तांदूळ. पच्चरिसी म्हणजे आपला साधा कच्चा तांदूळ, पुळुंगल म्हणजे उकडा, त्यात पुन्हा इडलीचा जाड. तळहातावर घेतले की दाणे ओळखू येतात. उकडा पिवळसर, काचेसारखा आरपार, नखाने दाबला तरी भुगा होत नाही. कच्चा पांढरा, लगेच तुटणारा. दोन्ही एकत्र शिजवले तर एकाचा गाळ होतो आणि दुसरा दाताखाली कचकचतो. जे मिसळलं होतं ते आम्ही दळून कांजीला दिलं. उकडा भरपूर होता, म्हणून प्रत्येक पिशवीत पाच किलो तोच भरला. डाळ, तेल, मीठ, मिरची. पिशव्या तयार झाल्या आणि आम्हाला वाटलं, झालं.

दुसऱ्या वाटपाला रांगेतला एक पोरगा पिशवी हातात घेऊन तिथेच घुटमळला. मी हिंदीत विचारलं, तर त्याने माझ्या बोलण्यावरूनच ओळखलं. "काकू, तुम्ही मराठी?" सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, गलाईच्या दुकानातला मदतनीस. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. अक्षय्य तृतीया तोंडावर होती आणि सराफी बाजाराला टाळं.

"काकू, ह्या तांदळाला पाणी किती घालायचं? मागच्या वेळी तासभर शिजवला, तरी कच्चाच राहिला. आता गॅस संपत आलाय."

कोकणातला असता तर त्याने विचारलं नसतं. घाटावरच्या पोराने उकडा तांदूळ कशाला शिजवला असेल? पण मला लागून राहिला तो गॅस. एका खोलीत चौघं, छोटा सिलिंडर, तोही दुकानातून किलोवर भरून आणायचा आणि दुकान बंद. पाच किलो तांदूळ देताना तो शिजणार कशावर, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं. मी इतकी वर्षं घर चालवलेली बाई, मलाही ते सुचलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकांना सांगून पिशवीत पोहे घालायला लावले. इथे त्याला 'अवल' म्हणतात. पाण्यात भिजवले, वर गूळ नाहीतर मीठ-मिरची, की काडीही न पेटवता पोट भरतं. ज्याला जो चालेल तो तांदूळ द्यायचा असंही ठरलं, शिवाय कणकेच्या पिशव्या वेगळ्या. उकड्याच्या पिशवीत मी हिंदी-मराठीत चिठ्ठी टाकू लागले: रात्रभर भिजवा, एका वाटीला तीन-साडेतीन वाट्या पाणी, उकळी आली की झाकून गॅस बंद करा, अर्ध्या तासाने पुन्हा पेटवा.

पुढच्या खेपेला विटांच्या कामावरची एक ओडिया बाई आली. तिला मी कौतुकाने कच्चा तांदूळ पुढे केला. तिने मान हलवली आणि उकड्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. तिच्या गावी तोच खातात. मोडक्या हिंदीत ती सांगू लागली, रात्री भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी कांद्याबरोबर खायचा, 'पखाळ'. डाळ मापणाऱ्या आमच्या वयस्क अक्का इतका वेळ गप्प होत्या. हिंदीचं त्यांना अक्षर कळत नाही, पण तिच्या हातांच्या खुणा कळल्या. "पळैय सोरु!" म्हणाल्या, म्हणजे तमिळमधला तसाच पाण्यातला शिळा भात, आणि मापटं खाली ठेवून पुढे आल्या. मग ती तिच्या भाषेत आणि अक्का तमिळमध्ये, पाणी किती, मीठ केव्हा, ताक घालायचं की नाही, हातवारे करत बोलत राहिल्या. मागे रांग थांबली होती, पण कोणी घाई केली नाही.